गरम मीठ

कबड्डीचं मैदान करायला चार गोष्टी लागतात : चाळलेली माती, पाणी, रोलर आणि मीठ. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे चढाईत धूळ उडत नाही. माझे वडील, सहादू आबा, सायखेड्याहून नदीच्या गाळाची माती आणत. ती तीनदा चाळत, आणि पाच पाट्या मातीमागे एक मूठ मीठ असं त्यांचं प्रमाण होतं. नगरपालिकेच्या रस्त्याच्या कामावर त्यांनी सगळी नोकरी केली, पण गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवर त्यांना ओळखत ते मैदानासाठी. मीठ टाकण्याआधी ते एक खडा जिभेवर ठेवून बघत. कशासाठी, असं मी लहानपणी विचारलं होतं. "भाजी वाढण्याआधी तुझी आई बघते ना, तसंच," ते म्हणाले होते.

१९७८ च्या ऑक्टोबरात नेपाळचा संघ नाशिकला दोन सामने खेळणार होता. आंतरराष्ट्रीय सामने आमच्या पंचवटीच्या मैदानावर होणार, याचं गावातल्यांना, म्हणजे पुलापलीकडच्या जुन्या नाशकातल्यांना, फार लागलं होतं. त्यात यजमान संघात जिल्ह्यातला एकच खेळाडू घ्यायचा होता. आमचा मंगळू घेतला गेला आणि गावातला लहानू राखीव राहिला. लहानू हा गोटीरामचा पुतण्या. गोटीरामचा बर्फाचा कारखाना होता आणि सामन्यांच्या समितीचा तो चिटणीस होता. निवड जाहीर झाली त्या दिवशी पुलावर दोन्हीकडच्या पोरांची मारामारी झाली. गोटीराम मध्ये पडला, मंगळूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "खेळ आहे, पोरांनो." सगळ्यांना ते आवडलं.

मीठ समितीकडून आलं. दोन गोणी. आबांनी तोंड सोडलं तर आत पांढरंशुभ्र, बारीक पापडीसारखं काहीतरी. नेहमीचं मीठ करडं आणि खडेदार असायचं. "परदेशी पाहुणे हायेत, म्हणून चांगलं पाठवलं असंल," असं ते आईला म्हणाले. नवरात्र चालू होतं. त्यांचे नऊ दिवसांचे उपवास असत आणि त्यांत ते मीठ तोंडात घालत नसत. म्हणून त्या एका वेळी त्यांनी खडा जिभेवर ठेवला नाही.

संध्याकाळी त्यांनी मीठ पसरलं. घरी आल्यावर तळहात आईपुढे धरून म्हणाले, "यशोदे, हे मीठ हाताला गरम लागतंय." आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सामना. अडीचला पंच मैदानात उतरले, टाच घासून पाहिली, आणि टाच वीतभर सरकली. मैदान ओल्या साबणासारखं झालं होतं. पाऊस पडलेला नव्हता. कोरडी माती आणून टाकली, तीही तासाभरात ओली झाली. त्या दिवसाचा सामना रद्द झाला, मग दुसऱ्या दिवसाचाही, आणि पाहुणा संघ पुढच्या गावाला गेला.

समितीने आबांना मंडपात उभं केलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की मीठ हाताला गरम लागत होतं.

"मीठ गरम लागतं म्हणे," गोटीराम हसून म्हणाला. "सहादू, तापबीप आहे का?"

मंडप हसला. मंडपाबाहेर हसू नव्हतं. गावातले म्हणत होते, सामने आमच्याकडे दिले असते तर झाले असते; पंचवटीच्या सहादूने ते घालवले. आमचे म्हणत होते, सहादूने गावातल्यांकडून काहीतरी घेतलं. भांडण कुणामुळे सामना गेला याचं होतं, आणि दोन्ही बाजूंना एकच माणूस सापडला. मिठाची रिकामी गोणी आबांच्या गळ्यात अडकवून त्यांना पुलावरून गावात नेलं आणि परत आणलं. नेणारे गावातले होते. आणणारे आमचे.

त्यानंतर वाण्याच्या दुकानात आई मीठ मागायची तेव्हा कुणीतरी म्हणायचं, "यशोदाबाई, साधं देऊ का गरम?"

मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. गोणी घरात पडली होती आणि पसरून उरलेलं मीठ आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवलं होतं. मी त्यातलं चिमूटभर कॉलेजात नेलं. प्लॅटिनमच्या तारेवर धरलं. साध्या मिठाची ज्योत पिवळी येते. ही विटकरी तांबडी आली. मग आणखी दोन चाचण्या केल्या, पण त्यांची गरज नव्हती. ते कॅल्शियम क्लोराइड होतं. बर्फाच्या कारखान्यात टाकीतलं पाणी शून्याखाली नेऊनही गोठू नये म्हणून ते घालतात. ते हवेतलं पाणी इतकं ओढतं की शेवटी स्वतःच विरघळतं, आणि विरघळताना गरम होतं.

मी समितीकडे गेले. वहीत लिहून नेलं होतं. गोटीरामने वही नीट वाचल्यासारखी केली आणि परत दिली.

"पोरी, गोणी माझ्या कारखान्यातली कशावरून? आणि हे माझ्याकडे असतं, तरी त्याला पाणी सुटतं हे मला काय ठाऊक? मी काय कॉलेजात गेलोय?"

इतर सभासदांनी माना हलवल्या. त्या दिवशी मला कळलं, की ज्योतीचा रंग कितीही तांबडा असला तरी या माणसांना तो दिसणार नाही. त्यांना तोंडून ऐकू यायला हवं होतं, आणि तेही त्याच्याच तोंडून. उरलेलं मी काचेच्या बरणीत भरलं. बूच घट्ट बसवून वरून मेण ओतलं. गोणी घडी करून ट्रंकेत ठेवली.

नऊ वर्षं गेली. मी ज्युनियर कॉलेजात शिकवू लागले. मंगळूला पुन्हा कधी निवडलं नाही. तो सिन्नर डेपोत कंडक्टर झाला. गोटीराम जिल्हा संघटनेचा अध्यक्ष झाला. आबा निवृत्त झाले आणि ओट्यावर बसू लागले. ते कधी कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत. दर पावसाळ्यानंतर मात्र रोलरच्या दांड्याला तेल लावत.

१९८७ मध्ये जपानचा संघ येणार असं ठरलं. संघटनेने दोन माणसांकडून मैदान करून पाहिलं. एकाचं भेगा पडून फुटलं, दुसऱ्याचं धुळीने भरलं. मग गोटीराम स्वतः आमच्या घरी आला. हातात नारळ होता.

"सहादूभाऊ, एवढी वर्षं झाली. आता काय ते मनात ठेवायचं?"

"मी कुठं ठेवलंय, शेठ," आबा म्हणाले. खरंच ठेवलेलं नव्हतं. मी चहा आणून दिला. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई काय शिकवतात?" मी म्हटलं, "रसायनशास्त्र." तो चहाची बशी तोंडाला लावत म्हणाला, "वा."

तो गेल्यावर आबा बराच वेळ नारळ हातात फिरवत बसले. "सरू," ते मला म्हणाले, "एकदा माझ्या मातीवर परदेशी माणूस पडलेला बघायचाय. मंग झालं."

त्यांनी अठरा दिवस काम केलं. सहासष्ट वर्षांचा माणूस रोज पहाटे सायकलवरून जायचा. या वेळी मीठ त्यांनी स्वतः आणलं, रोज खडा जिभेवर ठेवला. मैदान पाहून सिन्नरहून आलेल्या मंगळूने चप्पल बाहेर काढली आणि अनवाणी मध्यरेषेपर्यंत चालत गेला. "आबा," तो म्हणाला, "याच्यावर झोपावंसं वाटतंय."

"झोपायचं नाय. पाडायचं," आबा म्हणाले.

सामन्याआधी मैदानपूजन असतं. मानाचा माणूस नारळ फोडतो आणि मध्यरेषेवर मूठभर मीठ टाकतो. ही आबांचीच चाल, पुढे सगळीकडे पडली. या वेळी पूजा अध्यक्ष म्हणून गोटीराम करणार होता, आणि ताट तयार करणं माझ्याकडे आलं. हळद, कुंकू, फुलं, नारळ, आणि वाटीत मीठ. घरातून निघण्याआधी मी बरणीवरचं मेण खरवडलं. नऊ वर्षांत आत ओल गेलेली नव्हती. ट्रंकेतली गोणीही घेतली. आबा केव्हाच मैदानावर गेले होते.

दुपारी चार वाजता दोन्ही काठांची माणसं समोरासमोर बसली होती, मधे सुतळीची दोरी. घोषणा चालल्या होत्या. जपानचे खेळाडू कडेला अंग सैल करत होते आणि लोकांकडे बघून हसत होते. आबा कोपऱ्यात उभे होते, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात. कुणी चप्पल घालून रेषेजवळ आलं की ते हात जोडायचे.

गोटीरामने नारळ फोडला, मूठ भरली आणि सलाउद्दीनने त्याच्यासमोर माइक धरला. सलाउद्दीनचं भद्रकालीत, म्हणजे गावातच, लाउडस्पीकरचं दुकान होतं. चार कर्णे त्याने चार कोपऱ्यांत बांधले होते. गोटीरामला भाषणाची आवड होती आणि ऑक्टोबरचं ऊन होतं. त्याच्या तळहाताला घाम असणार, हे मी धरून चालले होते. तो बंधुभावावर बोलला, मग दोन काठांच्या जुन्या मित्रत्वावर बोलला. तिसऱ्या मिनिटाला त्याने मुठीकडे पाहिलं. मूठ उघडली. तळहात ओला होता.

"हे गरम कसं लागतंय?" तो म्हणाला.

चारही कर्ण्यांतून ते बाहेर पडलं. दोन्ही बाजू एकदम थांबल्या. दोन्ही काठांवर हे वाक्य प्रत्येकाला पाठ होतं.

त्याने हात धोतराला पुसला आणि घाईने, खरोखरच्या काळजीने म्हणाला, "अरे, हे मीठ नाही. हे टाकू नका कुणी. ह्याला पाणी सुटतं, सगळं मैदान जाईल."

मी ताट घेऊन त्याच्या शेजारी उभी होते. मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

माझा आवाज मोठा नाही, पण सलाउद्दीनने माइक माझ्याकडे वळवला आणि मग परत त्याच्याकडे. तो बंद करता आला असता. त्याने केला नाही.

गोटीरामने माझ्याकडे पाहिलं. त्याला ताट, वाटी आणि मी, असं क्रमाने समजत गेलेलं मी पाहिलं. तेवढं पाहण्यासाठीच मी नऊ वर्षं थांबले होते आणि ते अपेक्षेपेक्षा कमी वेळात संपलं.

"माझ्या कारखान्यात..." तो बोलून गेला.

आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "गोटीशेठ, तापबीप आहे का?"

पुढचं फार जलद झालं. आमची माणसं दोरी ओलांडून धावली. गावातली, हा पंचवटीवाल्यांचा डाव आहे, अध्यक्षाला फसवलं, असं ओरडत आली. चपला, खुर्च्या, बांबू. मी पिशवीतली गोणी काढून मंगळूच्या हातात दिली. ती कसली, हे सांगावं लागलं नाही. त्याने ती गोटीरामच्या गळ्यात अडकवली आणि दहाबारा जणांनी त्याला पुलाकडे नेलं. या वेळी नेणारे आमचे होते. गावात पोचल्यावर, नेपाळचा सामना हुकलेली गावातली म्हातारी माणसंही ओट्यांवरून उतरून मागे चालू लागली, असं नंतर कळलं. मी पुलापर्यंत गेले आणि कठड्याशी उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

परत आले तेव्हा पोलीस जपानच्या संघाला बसमध्ये चढवत होते. सामना रद्द झाल्याचं सलाउद्दीन कर्ण्यावरून सांगत होता. मैदानाच्या मधोमध अजून माणसं भांडत होती आणि आबा त्यांच्यामधून फिरत होते. त्यांचा सदरा खांद्याला फाटला होता. ते प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते.

"चपला काढा. बाबांनो, चपला तरी काढा."

गोटीरामने महिनाभरात अध्यक्षपद सोडलं. त्याच्या कारखान्यावर लग्नाचा बर्फ घ्यायला जाणारे विचारू लागले, थंड आहे ना शेठ? आमच्या ओट्यावर लोक येऊन आबांच्या पाया पडून गेले. वाण्याने आईला मीठ दिलं आणि काही बोलला नाही. मला हवं होतं ते सगळं झालं.

सहाव्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले असताना आबा म्हणाले, "सामना झाल्यावर केलं असतंस तर?"

"सामना झाल्यावर लोक घरी जातात, आबा."

त्यांनी विचार करून मान हलवली. उत्तर त्यांना पटलं होतं. मग म्हणाले, "एक चढाई होऊ द्यायची होती. एकच."

मी चप्पल घालत होते. पट्टा लागत नव्हता.

"दोनदा गेला सामना," ते म्हणाले. "एकदा त्याच्यापायी. एकदा तुझ्यापायी." आवाजात राग नव्हता. ते रोलरचं माप सांगावं तसं सांगत होते.

मग त्यांनी बरणी मागितली. तळाशी थोडं उरलं होतं. मी आणून दिली. त्यांनी बूच काढलं, एक दाणा बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं.

"कडू हाय," ते म्हणाले. "हे मी वळखलं असतं."