निरभ्र उशी

मित्रांनो, मी एक जुना अभ्रा आहे. उशीचा अभ्रा. तुमच्यापैकी कित्येकांनी रोज माझ्यासारख्या कुणावर तरी गाल टेकवला असेल आणि उठल्यावर त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसेल. माझी तक्रार नाही. आमचं कामच असं आहे की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

जन्मलो तेव्हा मी फिकट निळा होतो. आता मला रंग नाही म्हटलं तरी चालेल. शिवणीच्या आत, जिथे ऊन आणि साबण पोचले नाहीत, तिथे तेवढा तो निळा शिल्लक आहे.

मला एका आईने शिवलं. ती घरीच शिवणकाम करायची. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे तिचं मशीन झोपायच्या खोलीत, खिडकीखाली असे. पलंगाखाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी, कोपऱ्यात चिंध्यांच्या पिशव्या. त्याच पलंगावर तिची शाळकरी मुलगी झोपायची. सकाळी डोळे उघडले की मुलीला शिंकांची माळ लागे. नाक चोंदलेलं, डोळे चोळून लाल. कधीकधी छातीतून बारीक शिट्टी वाजे आणि मग ती खेळायलाही जात नसे, पायरीवर बसून श्वास मोजून घेई. तिची आत्या भिंतीपलीकडच्या घरात राहायची. ती म्हणे, "हिची पहिली शिंक ऐकली की मी चहा ठेवते. आमच्याकडे घड्याळ लागत नाही."

आई स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. रोज सकाळी दार लावून ती उशी बडवायची, गादी बडवायची, चादर फटाफट झटकायची. मुलगी तिथेच दप्तर भरत असायची. जितकी झटकाझटक जास्त, तितक्या शिंका जास्त. मग दुसऱ्या दिवशी आई आणखी जोराने झटकायची.

शेवटी ती मुलीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी छाती तपासली, काही चाचण्या केल्या आणि घरची सगळी हकिकत विचारली. झटकण्याचं ऐकल्यावर त्या हसल्या.

"अहो, तुम्ही धूळ घालवत नाही, नुसती उठवता. थोड्या वेळाने ती पुन्हा उशीवरच येऊन निजते."

त्यांनी समजावून सांगितलं, की उशीत आणि गादीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे राहतात. आपल्या अंगाची झडलेली त्वचा खाऊन ते जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांची घाण श्वासातून आत गेली की काही जणांचं शरीर भांडायला उठतं. या मुलीचं उठत होतं. "औषध मी देते, ते सोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण औषधाला घरातूनही साथ हवी. उशीला आणि गादीला घट्ट विणीचे, चेनचे अभ्रे घाला. वरच्या चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि झोपायच्या खोलीत कापडांचा पसारा ठेवू नका."

या शेवटच्या वाक्यावर आईने मान हलवली.

"कापड हेच माझं पोट आहे, डॉक्टर."

"मग शिवा की. फक्त मुलगी झोपते तिथे नको."

त्याच संध्याकाळी मशीन स्वयंपाकघराबाहेरच्या अरुंद बोळात गेलं. तिथे उजेड कमी होता आणि पाय पसरायला जागा नव्हती. आत्या बघायला आली. "पोरीच्या नाकापायी मशीनला देशोधडीला लावलंस. उद्या आम्हालाही घराबाहेर काढशील."

"आत येऊन शाल झटकलीत तर काढीन, वन्सं," आई म्हणाली.

मग ती माझं कापड आणायला गेली. दुकानदाराने दहा तागे उलगडले. आईने प्रत्येक कापड तोंडाशी धरून फुंकर मारली आणि पलीकडे हात धरून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "ताई, कापड घेताय की बासरी?" ज्या कापडातून फुंकर अडखळत, जेमतेम पलीकडे पोचली, ते कापड म्हणजे मी. आईने मला दुहेरी टीप घातली, एका बाजूला चेन बसवली आणि चेनच्या दातांवर पट्टीही शिवली. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कपड्यांनाही तिने इतकी टीप घातलेली मी पुढे कधी पाहिली नाही.

माझ्या नावावरून मुलीची एकदा शाळेत फजिती झाली. मराठीच्या बाईंनी विचारलं, "निरभ्र आकाश म्हणजे काय?" हिने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि सांगितलं, "ज्याला अभ्रा घातलेला नाही असं आकाश." वर्ग हसून लोळला. घरी येऊन तिने हे फुरंगटून सांगितलं, तर आई इतकी हसली की तिला मशीनचं चाक हाताने थांबवावं लागलं.

"अगं, अभ्र म्हणजे ढग. एकही ढग नाही ते निरभ्र."

"मग उशीच्या अभ्र्याला अभ्रा का म्हणतात?"

"तो उशीला झाकतो, ढग आभाळाला झाकतो. आणि तुझ्या बाबतीत सगळंच उलटं. उशी झाकली की तुझं आभाळ मोकळं."

तेव्हापासून तो शब्द घरचा झाला. सकाळी मुलगी उठून बसली की बोळातून आईचा आवाज यायचा, "काय गं, निरभ्र?" मुलगी दीर्घ श्वास घेऊन पाही आणि उत्तर देई, "निरभ्र," किंवा "जरा ढगाळ." ढगाळ असेल तर डॉक्टरीणबाईंनी दिलेला श्वासाच्या औषधाचा पंप दप्तरात गेला की नाही हे आई स्वतः बघे. शिंकेला आत्याने "मेघगर्जना" असं नाव ठेवलं होतं.

तिचा त्रास कायमचा गेला, असं मी खोटं सांगणार नाही. ऋतू पालटला की शिट्टी पुन्हा ऐकू यायची. पण ढगाळ सकाळी कमी झाल्या. मुलगी खेळायला जाऊ लागली, गुडघे फोडून घेऊ लागली. दर रविवारी मला कढत पाण्यात बुडवलं जाई. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. पुढे मला कळलं की माझा रंग जातोय तो मुलीच्या कामी येतोय.

मुलगी मोठी झाली आणि नोकरीसाठी दूर गेली. तिथे तिने नवे तयार अभ्रे घेतले. मी मागे राहिलो. आईला कसलीही ॲलर्जी नव्हती, तरी तिने मला स्वतःच्या उशीला घातलं. सकाळचा प्रश्न आता फोनवरून जाऊ लागला. उत्तर मला ऐकू यायचं नाही, पण माझ्यावर टेकलेल्या आईच्या मानेवरून कळायचं: सैल पडली की निरभ्र, ताठ राहिली की ढगाळ.

मग आई आजारी पडली. कढत पाण्याची बादली तिला उचलेना, आणि दुसऱ्या कुणाला ती सांगेना. माझे रविवार चुकू लागले. मुलगी रजा काढून आली, उशाशी बसून राहिली. एका सकाळी आईचं डोकं माझ्यावर होतं, पण प्रश्न आला नाही.

सगळं आवरून झाल्यावर मुलीने मला उशीवरून काढलं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. माझ्यात आईच्या केसांच्या तेलाचा वास होता, आणि मशीनच्या तेलाचाही, जो कितीही धुतलं तरी तिच्या बोटांवरून जात नसे. मुलीने मला सोबत तिच्या घरी नेलं आणि न धुता आपल्या उशीला घातलं.

इतकं प्रेम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पण माझ्यात काय साठलंय ते मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तिच्या घरात गालिचा नव्हता, लादी ओल्या फडक्याने पुसलेली असे, पडदे वेळेवर धुतले जात. नियम फक्त माझ्यापुरता मोडला होता. महिनाभरात शिट्टी परत आली. पंप आधी दप्तरात असे, तो आता उशाशी आला.

आत्या तिच्याकडे राहायला आली. आता तिच्या हातात काठी होती, पण जीभ तीच. सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"या मेघगर्जना कधीपासून?"

"हवा बदललीय, आत्या."

आत्याने काठीच्या टोकाने मला टोचलं. "हा तिचाच ना? आणि धुतला नाहीस."

"वास जाईल."

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. काठी तिने बाजूला ठेवली. मग आत्या हळू म्हणाली, "वासापायी श्वास घालवशील. तुझ्या श्वासासाठी ती बाई वर्षानुवर्षं बोळात अंधारात शिवत बसली. मी तिला टोमणे मारले, तरी हलली नाही. तिच्यादेखत तू असा मळका अभ्रा घेऊन झोपली असतीस?"

मुलीने मला एकदा नाकाशी धरलं. मग चेन उघडली, मला उलटं केलं आणि पाणी तापत ठेवलं.

मित्रांनो, त्या पाण्यात तेलाचे दोन्ही वास गेले. मी थांबवू शकलो नाही. टीप मात्र एकही उसवली नाही. तुमच्या घरातही असं एखादं कापड असेल, कुणाची तरी शाल, चादर, लहानपणीचं कापडी खेळणं. त्यावर तुमचं प्रेम असेल तर त्याला धुवा. ते विरेल, फिकं होईल, होऊ द्या. आणि घरात कुणी शिंकत असेल, तर हसण्याआधी उशी बघा.

आभाळ लगेच मोकळं झालं नाही. औषध सुरू होतं, काही सकाळी ढगाळच गेल्या. मग एके दिवशी मुलगी उठून बसली, तेव्हा खिडकीत ऊन आलेलं होतं. स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "अगं, आज शिंक ऐकू आली नाही. चहा ठेवायचाच राहिला की माझा."

मुलीने दीर्घ श्वास घेऊन पाहिला. मग माझ्यावर हात ठेवून, कुणी विचारलं नव्हतं तरी, ती हळूच म्हणाली, "निरभ्र."