ठसका न लागणारा चरस

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा रिदवानने हातातला तराजू खाली ठेवला.

"पुन्हा ठसका?"

"दोनच झुरके. शेजारीण पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली," वित्स्के म्हणाली. बाहत्तर वर्षांची बाई, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या या कॉफीशॉपच्या काउंटरला धरून उभी. कॉफीशॉप म्हणजे इथे चरस-गांजा उघडपणे विकणारं दुकान. पावसाळी टोपी अजून डोक्यावर.

पहिल्यांदा तिने नुसतं "नवख्या माणसाला चालेल असा" म्हटलं होतं. त्याने काळा, हाताने मळलेला वगळून मोरोक्कोचा फिकट, चाळलेला चरस दिला होता. बोटांत नुसता धरला तरी मऊ पडणारा. दुसऱ्यांदा त्याहून महाग. पालापाचोळा कमी, म्हणून घसा कमी खवखवतो म्हणे. ज्योतीवर फार तापवू नका, बारीक कुस्करा, झुरका छोटा घ्या. तिने सगळं केलं. ठसका तसाच.

गुरुवारी तिच्या नवऱ्याचा, डाउवेचा वाढदिवस. पंच्याहत्तरावा झाला असता. दर शुक्रवारी जेवणानंतर तो बाल्कनीत बसून चरसाचा एक जॉइंट ओढायचा, आणि दर शुक्रवारी विचारायचा, येतेस का. चाळीस वर्षं ती स्वयंपाकघराची खिडकी आपटून बंद करायची. या गुरुवारी एक पूर्ण ओढायचा, शेवटपर्यंत, असं तिने ठरवलं होतं. न खोकता. खोकत ओढणं म्हणजे पुन्हा भांडणच की.

रिदवान गोंधळला होता. माल चोख होता. त्याने स्वतः पेटवून पाहिला होता, बुडबुडे येत होते, राख पांढरी. मग त्याने सहज विचारलं, कशात घालता?

इथे हे कोणी विचारत नाही. तंबाखूतच घालतात सगळे.

"डाउवेच्या डब्यातल्या तंबाखूत," ती म्हणाली.

"डाउवे जाऊन किती दिवस झाले, वित्स्केबाई?"

"अडीच वर्षं."

तो हसला नाही. "अहो, त्या तंबाखूचा सुकून भुगा झाला असेल, तोच घशाला लागतोय. चरसाला कशाला शिव्या देताय? आणि तुम्ही सिगारेट तरी कधी ओढलीये?" त्याने तंबाखूऐवजी वापरायच्या वाळवलेल्या पानांची पुडी पुढे सरकवली. यात घाला, घशाला कळणारही नाही.

गुरुवार. दुपार. बाल्कनी.

कळलं नाहीच. धूर आत गेला, बाहेर आला. अर्धा संपला. ठसका नाही. वासही कसला तरी, सुकलेल्या गवतासारखा. हे तो ओढत नव्हता. मग ती कोणाबरोबर बसली होती?

तिने तो विझवला. पत्र्याचा डबा उघडला. चिमूटभर भुगा, वर तोच मऊ चरस. वेडावाकडा वळला, पेटवला.

पहिल्याच झुरक्याला डोळ्यांतून पाणी. पण तो वास. शुक्रवारचा.

खोकत खोकत ती उठली, आत गेली आणि स्वयंपाकघराची खिडकी आपटून बंद केली.

मग तिथेच उभी राहिली. काचेपलीकडे रिकामी खुर्ची होती, राखदाणीत तिचाच चरस धुमसत होता. तिला बाहेर जाऊन तो संपवायचा होता. की इथूनच डाउवेवर ओरडायचं होतं, हेच तिला नीट समजेना.