बाहेरच्या बोटीवरचा माणूस

सौदीतल्या अल-खोबरच्या बाहेर, व्हिलांच्या मागून समुद्राचं पाणी आत घेऊन केलेला आमचा कालवा आहे. बांधला बारा बोटींसाठी, शुक्रवारी तिथे तीस येतात. कुठली कुठे लावायची ते मी ठरवायचं आणि शिव्याही मीच खायच्या. मी ताजुद्दीन, हर्णैचा. इथे अकरा वर्षं हेच करतोय.

जागा नसली की बोटीला बोट बांधतात. त्याला हरकत नाही, आमच्या हर्णैलाही तेच चालतं. फक्त बाहेरून बांधणाऱ्याने बोटीवर माणूस ठेवायचा, म्हणजे आतल्याला निघायचं असलं की वाट मिळते. तशी पाटी तीन भाषांत लावली आहे. वाचतंय कोण?

त्या शुक्रवारी सदानंद साहेबांची छोटी बोट आत होती. साहेब रिफायनरीतून रिटायर झालेले, दुसऱ्या दिवशी ते आणि विभावरीवहिनी कायमचे भारतात निघणार होते. एकदा शेवटचं समुद्रात जाऊन येऊ, असं वहिनींनी महिनाभर लावून धरलं होतं. पण चारच्या आत निघायला हवं होतं. ओहोटी लागली की कालव्याच्या तोंडाशी वाळू वर येते आणि बोट पुढे जात नाही.

आणि त्यांच्या बाहेर सुफियानने त्याच्या शेठची भलीमोठी बोट बांधून ठेवलेली. सुफियान दाभोळचा, माझ्या बायकोच्या नात्यातला. जुम्म्याची नमाज पढून लगेच येतो म्हणाला आणि मी मान हलवली. दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे हाकलला असता. आपला तो बाब्या, दुसरं काय.

अडीचला साहेब आणि वहिनी डबा घेऊन आले. मी सुफियानला फोन लावला. चारदा वाजला, मग बंदच झाला. बिर्याणी हाणून झोपला असणार. मी तिथल्या तिथे फेऱ्या मारल्या, जेट-स्की जोरात नेणाऱ्या दोघांवर उगाच ओरडलो. वहिनी केशरी लाइफ जॅकेट घालून बोटीत जाऊन बसल्या होत्या.

साडेतीनला साहेब म्हणाले, सुफियानच्या बोटीचा दोर सोडू या, मी धरतो, तुम्ही ती पलीकडे ओढून बांधा. दोन गाठींचं काम होतं. पण माझा बाप हर्णैला मासेमारीच्या होडीवर तांडेल होता. दुसऱ्याच्या होडीचा दोर विचारल्याशिवाय सोडायचा नाही, खाडीतली सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात, हे त्याने आम्हाला मारून शिकवलेलं. शिवाय शेठच्या बोटीला ओरखडा गेला असता तर सुफियानची नोकरी गेली असती. मी म्हटलं, साहेब, आणखी दहा मिनिटं बघू. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

सुफियान सव्वाचारला आला, डोळे सुजलेले. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने बोट काढली, साहेबांनी इंजिन चालू केलं. कालव्याच्या तोंडाशी गेल्यावर खालून वाळूचा खरखर आवाज आला तसे ते सावकाश मागे फिरले.

मी दोर धरला. वहिनींनी जॅकेट काढून घडी करून माझ्या हातात दिलं.

"ताजुद्दीनभाई, तुम्ही दोर सोडला असतात तर आम्ही कुणाला सांगितलं नसतं."

मला स्वतःचा भयंकर राग आला होता, पण तोंडातून निघालं भलतंच.

"वहिनी, सुफियानचं नुकसान झालं असतं. तो घरचा पोरगा आहे."

"आणि आम्ही?" त्या म्हणाल्या.

अकरा वर्षं त्यांच्या घरचा दिवाळीचा फराळ पहिला माझ्याकडे यायचा. साहेबांनी डबा उचलला आणि दोघं गाडीकडे चालत गेले.