बिनतोड म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. बिनतोड माझे नाव. ज्या मुद्द्याला उत्तर सापडत नाही आणि जो ऐकणाऱ्याला मनापासून पटतो, त्याच्या आधी येऊन बसणे हे माझे काम. बिनचूक आणि बिनधास्त ही माझी भावंडे. बिनचूक परीक्षेच्या पेपरांत मान घालून बसलेला असतो, बिनधास्त पंचवटीच्या गल्ल्यांतून रिक्षांबरोबर उंडारतो. मी मात्र मानाचा. पूर्वी न्यायनिवाडा चालू असताना मला बोलावत, तेही समोरचा निरुत्तर झाल्यावर.

अलीकडे माझे फार हाल झाले. सातपूरच्या एका कामगार वसाहतीत मी कोंडाजींच्या तोंडात बसलो. कोंडाजी कारखान्यात फिटर आणि वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. माणूस भला, पण यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने आवाज कायम चढलेला. बैठकीत ते टेबलावर हात आपटून म्हणत, "माझा मुद्दा बिनतोड आहे." लोकांना चहाची घाई, ते माना डोलवत. नुसत्या मोठ्या आवाजाला माझे नाव मिळते, याचे मला वाईट वाटे.

एका रविवारी विहाराशेजारच्या रिकाम्या खोलीचा विषय निघाला. वसाहतीतली राखी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि घरात अभ्यास होत नव्हता, म्हणून तिने खोली अभ्यासिकेसाठी मागितली. कोंडाजींना तिथे मांडवाचे सामान ठेवायचे होते. ज्याला शिकायचे तो घरीही शिकतो, असे त्यांनी सविस्तर समजावले आणि शेवटी नेहमीप्रमाणे मला चिकटवले. राखीचे तोंड उतरले. खोली गेली तर तिचे वर्षही जाणार होते.

तरी ती उठली. आवाज न चढवता तिने विचारले, "काका, रात्रपाळी करून आल्यावर तुम्ही दिवसा कुठं झोपता?"

"घरातच की. एकच तर खोली हाय."

"मग तेव्हा संघर्ष अभ्यास कुठं करतो?"

संघर्ष म्हणजे कोंडाजींचा दहावीतला मुलगा. आपटायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला.

"जिन्यात," ते म्हणाले.

वसाहतीत घरोघरी पाळीचे कामगार. दिवसा कोणी ना कोणी झोपलेलेच, त्यामुळे जिन्याजिन्यात पोरे पुस्तक घेऊन बसत. मोठी माणसे त्यांना ओलांडून रोज वर जात होती.

कोंडाजींनी हात खाली घेतला. मग हसले आणि म्हणाले, "पोरीचं बोलणं बिनतोड हाय. मांडवाचं सामान माझ्या गॅलरीत टाका."

मित्रांनो, किती वर्षांनी मी माझ्या जागी बसलो होतो! मला इतका आनंद झाला की काय सांगू. सत्काराची शाल कोणी स्वतःच्या हाताने पांघरून घेत नाही, तसे मलाही स्वतःच्या मुद्द्यावर पांघरू नका. दुसऱ्याचे म्हणणे पटले, की मला मोकळ्या मनाने त्याला द्या. एवढे जपलेत तरी पुरे.

आता वसाहतीचे जिने मोकळे असतात. कोंडाजी टेबल अजून आपटतात, पण माझे नाव घेण्याआधी एकदा राखीकडे बघतात.