चौदावा मीटर

“आबा, आकडा?”

“दोन मीटर दहा!” दुर्बिणीवरचा डोळा न हलवता आबासाहेब ओरडले.

होटगीजवळच्या कारखान्यात आज पात्याची परीक्षा होती. पवनचक्कीचं एक्कावन्न मीटर लांबीचं पातं बुडाशी भिंतीला बोल्टांनी आवळलेलं, बाकी सगळं अधांतरी. चार ठिकाणी पट्टे बांधून रुद्रप्पा ते दोर गुंडाळणाऱ्या विंचने खाली ओढत होता. वादळात वारा जेवढा जोर लावेल, तेवढा इथे लावून बघायचा. टोक किती वाकलं ते रंगवलेल्या खांबावर वाचून सांगायचं, हे आबासाहेबांचं काम.

पण त्यांची नजर राहून राहून चौदाव्या मीटरवरच्या खडूच्या गोलाकडे जात होती.

ती जागा वैजयंतीची, त्यांच्या बायकोची. अकरा वर्षं ती पात्याच्या साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायची. कापडाला चुणी राहिली की पातं नेमकं तिथेच फुटतं. बाकीच्या बाया हातमोज्यानेच कापड सारखं करत. वैजयंती मात्र उजवा मोजा काढून उघडा तळवा फिरवायची. “चुनी डोळ्याला दिसत न्हाय, हाताला लागती,” म्हणायची. त्यापायी बोलणी खायची आणि घरी येऊन खाजणाऱ्या हाताला खोबरेल चोळत बसायची. फाल्गुनात काविळीने ती आठ दिवसांत गेली. हे तिचं शेवटचं पातं. यंत्राने तपासलं तेव्हा चौदाव्या मीटरवर आत एक रेघ दिसली. कागदावर लिहिलं गेलं, ‘संशयित चुणी’. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालंच, “शेवटी शेवटी बाईचं लक्ष नव्हतं.”

आज तिथे तडा गेला, तर तो तिच्या नावावर जाणार होता. तिच्या हातची बाकीची पातीही मग संशयात येणार.

“सत्तर टक्के!” ऋतुजा मॅडमनी पडद्यावर बघून सांगितलं. वयाने मुलीसारख्या, पण परीक्षा त्यांची.

“चार सत्तर!”

“कोन वाकायलंय आबा, पातं का तुमी?” रुद्रप्पा विंचवरून ओरडला. “सरळ उभं ऱ्हावा की!”

“तू तुजी विंच बघ!”

ऐंशी टक्के. टोक आणखी खाली आलं. पातं आतून टिकटिक करू लागलं. नव्वद. आणि फाडकन आवाज झाला.

ऋतुजा मॅडमनी हात वर केला. विंच थांबली. पिवळ्या दोरीपलीकडे कुणी जायचं नव्हतं, तरी आबासाहेबांचा पाय उचलला गेला.

“कुटं फुटलं? चौदावर का?”

“थांबा आबा! पुढे जाऊ नका.” मॅडम पडद्यावर बोट फिरवत होत्या. “चौदावर काही नाही! तिसऱ्या पट्ट्याखालचा लाकडी ठोकळा फुटलाय.”

“अय्यो!” रुद्रप्पाने कपाळ पुसलं. “लाकडानं जीव घेतला की आमचा!”

ठोकळा बदलला. पहिल्यापासून पुन्हा ओढायला सुरुवात झाली. सत्तर, ऐंशी, नव्वद.

“शंभर! धरून ठेवा!”

“सहा ऐंशी!” आबासाहेब ओरडले. मॅडम सेकंद मोजू लागल्या. सात, आठ, नऊ, दहा.

टिकलं! शेडमध्ये शिट्ट्या झाल्या. रुद्रप्पाने विंचवरच बसून थाप मारली. “वैनीचं काम हाय! फुटतंय व्हय असं!”

ओझं उतरलं तसं पातं सावकाश वर आलं, सकाळच्याच खुणेवर.

“शून्य,” आबासाहेब म्हणाले.

मॅडमनी पुन्हा यंत्र फिरवून बघितलं. “रेघ केसभरही वाढली नाही. ती चुणी नव्हे आबा, कापडाला लावायची राळ आत साचलीय थोडी. तसं लिहिते मी.”

“लिवा मॅडम. लई बरं झालं.”

त्या जरा घुटमळल्या. “उद्या कापायला घेतील. पहिला काप कुठे घ्यायचा, तुम्हीच आखून ठेवता?”

परीक्षेला बसलेलं पातं पवनचक्कीवर चढत नाही, तुकडे करून टाकतात. आबासाहेबांना ते सकाळपासून ठाऊक होतं.

सगळे चहाला गेल्यावर ते शिडी लावून वर चढले. उजवा मोजा काढून खिशात घातला आणि खडूच्या गोलावर तळवा सावकाश फिरवला.

“न्हाय लागत काय,” ते हळूच म्हणाले.

मग शिडी पुढे सरकवली आणि कापायची रेघ गोलापासून दूर, विसाव्या मीटरवर मारली.