फुलाबाईच्या मोज्याची टाच

मी मोजे विणायची मशीन बोलतेय. शिवणाची नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण इंदापुरात फाटके सदरे घेऊन माझ्यापुढे पुष्कळ जण आले, मोजे मागायला फार थोडे.

दिसायला मी साधी. टेबलाच्या कडेला आवळायचं लोखंडी नळकांडं, त्याभोवती उभ्या सुयांचं कडं, बाजूला फिरवायचा दांडा. प्रत्येक सुईला वर आकडा आणि त्याखाली उघडझाप करणारी इवलीशी जीभ. दांडा फिरला की सुया एकामागून एक वर येऊन धागा पकडतात आणि खालून विणलेली नळी उतरत जाते. माझा जन्म विलायतेतला. पुण्याच्या दुकानातून मला बारामतीला आणलं दत्तोपंत वकिलांनी, भुसा भरलेल्या खोक्यात घालून, आगगाडीनं.

वकिलांच्या पत्नी इंदिराबाई यांनी हौसेनं दोन नळ्या विणल्या. नळी कुणालाही जमते. मोजा अडतो तो टाचेशी. तिथं अर्ध्या सुया बाजूला उचलून दांडा नुसता पुढं-मागं हलवावा लागतो आणि एक टाका निसटला की सगळं मुसळ केरात. इंदिराबाईंचे टाके सुटले, मग धीर सुटला. नव्याचे नऊ दिवस संपले. माझ्यावर मेणकापड आलं आणि त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी.

एकदा इंदापूरचा घोंगडी विणणारा म्हातारा म्हस्कू, वकिलांनी सांगितलेलं घोंगडं घेऊन आला. सोबत त्याची सून फुलाबाई होती. म्हस्कूच्या घरी लोकर पिंजायची, सूत कातायचं, ते कडक करायला चिंचोक्याची खळ लावायची, हे सगळं बायकांनी करायचं. मागावर मात्र बाईनं बसायचं नाही, अशी त्या घरची रीत. फुलाबाईला विणायचं होतं. एवढीच तिची इच्छा, पण लग्न होऊन आल्यापासून ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

रद्दी बाजूला सारून तिनं माझा दांडा फिरवून पाहिला. सुया हलल्या तशी ती दचकली आणि मग तिनं पुन्हा फिरवला.

"घेऊन जा," इंदिराबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत एक जोड करून दाखव, मशीन तुझी. नाही जमलं तर परत आणून दे."

"आमच्यात बाई मागाला शिवत न्हाय, बाईसाहेब," म्हस्कू म्हणाला.

"पर मामंजी, ह्यो माग कुठं हाय?" फुलाबाईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मला चहूबाजूंनी निरखलं. पाय सोडायचा खड्डा नाही, उभ्या धाग्यांचा ताणा नाही, म्हणून मी इंदापूरला आले.

आणि माझे हाल सुरू झाले. फुलाबाईचं सूत सुरेख, एकसारखं. पण सूत म्हटलं की खळ, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं धागा चांगला कडक करून, वाळवून मला दिला. माझ्या सुयांच्या जिभा चिकटून बसल्या. तिला वाटलं धागा कमजोर पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आणखी घट्ट खळ लावली! कडाकड सुया मोडल्या. मला इतका राग आला होता की तोंड असतं तर शिव्याच दिल्या असत्या. मोडक्या सुया हातात घेऊन ती रडली, तेव्हा राग ओसरला.

जिभेवर वाळलेली खळ तिला दिसली, तशी तिनं एकेक सुई उपसून गरम पाण्यानं धुतली, तेल लावलं. मोडलेल्या सुयांच्या जागी माझ्या खोक्यातल्या राखीव सुया बसवल्या. धाग्यालाही खळीऐवजी नुसता तेलाचा हात फिरवला. नळी झरझर उतरू लागली. आता राहिली टाच, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

टाचेचे टाके सुटत. ती उसवी, पुन्हा लावी, पुन्हा सुटत. तिचा नवरा कुंडलिक लोकर आणायला अंथुर्ण्याकडं निघाला होता. तो म्हणाला, "येताना मशीन परत न्यायला बारामतीची गाडी सांगून ठेवू का?" तिनं टाच उसवून पुन्हा लावायला घेतली.

म्हस्कू मागाच्या खड्ड्यातून हे रोज बघत होता. एका दुपारी त्याच्यानं राहवेना. "ताण कुठं हाय त्येला? ढिल्या ताण्यावर घोंगडं व्हतं व्हय?"

फुलाबाईनं नळी चाचपली. नळीच्या टोकाला टांगलेलं माझं वजन तिला खाली ओढत होतं, पण टाचेचा फुगा ढिलाच होता. तिनं चिंधीत दगड बांधला, तारेच्या आकड्यानं टाचेला टांगला आणि टाच वाढेल तसा वर सरकवत गेली. एकही टाका सुटला नाही. मला तर नाचावंसं वाटलं, पण मी टेबलाला आवळलेली.

पहिला जोड तिनं म्हस्कूच्या पायात घातला. त्याच्या टाचांच्या भेगांत बोट शिरेल, अशी गत होती. मोजे घालून तो खड्ड्यात उतरला, पायपट्ट्या दाबू लागला. थोड्याच वेळात माग थांबला.

"पट्टी पायाला कळत न्हाय. मोजं घालून इनता यायचं न्हाय."

फुलाबाईचा चेहरा उतरला. ती मोजे काढायला वाकली. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतला.

"मोजं मी काढनार न्हाय. बऱ्याच सालांनी पाय ठणकायचे थांबल्यात." हात टेकून तो खड्ड्याबाहेर आला. "कुंडलिक मागावर बसला की पेंगतो. तू बस."

 फुलाबाईनं पदर खोचला आणि ती अनवाणी खड्ड्यात उतरली.

याला आता काही वर्षं झाली. तिच्या घोंगड्याचे काठ लोक भिगवणहून बघायला येतात. मी कोपऱ्यात असते. मागाचा आवाज ऐकते आणि तिनं मला विसरू नये असं वाटतं, खोटं कशाला बोलू? विलायतेत लढाई लागलीय म्हणे, नव्या सुया मिळत नाहीत. असलेल्या जपा, खळीपासून दूर ठेवा, एवढंच माझं मागणं.

थंडी पडली, म्हस्कूचे मोजे झिजले, की फुलाबाई माझ्यावरचं फडकं काढते. म्हातारा आता मोकळा आहे, गावभर हिंडतो. तो असाच खूप हिंडो, आणि मोज्यांच्या टाचा लवकर झिजवो.