आधी येणारा सेवेकरी

या गं बायांनो, जरा जवळ सरका. बुवा यायला अवकाश आहे, तोवर एक आख्यान मी सांगते. पोथीतलं नाही, आमच्या धानोऱ्यातलंच.

माझी शेजारीण जमुनाबाई. तिची सून मोहिनी पहिलटकरीण, पाचवा महिना. जमुनाबाई तिला घागरसुद्धा उचलू देत नव्हती. मिरचीवर फवारणी निघाली, तेव्हा पंप लेकाने, विनोदने, पाठीवर घेतला, पाणी आम्ही बायांनी वाहिलं, आणि मोहिनीला सगळ्यांत हलकं काम दिलं. निंबाच्या सावलीत बसून टिपाडातलं औषध काडीने ढवळायचं. आमच्याकडे असंच करतात. पोटुशीला बसतं काम द्यायचं, ही माया.

जमुनाबाईची लेक रुचिका पुण्याला प्रयोगशाळेत संशोधन करते. सप्ताहासाठी आली होती. घरी पिशवी टाकून सरळ शेतात आली आणि वहिनीच्या हातातली काडी बघून ओरडलीच, "वहिनी, ऊठ! पहिले ऊठ!"

"काय व्हयनं? साप शे का?" जमुनाबाई धावली.

"साप बरा, माय. तो दिसस तरी."

मग जमुनाबाई भडकली. "तिले चक्कर शे का? तोंडले लाळ शे का? औषध चढनं नही तिले! पुण्याले जाईसन आते माले माया शिकाडी ऱ्हायनी का?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण रुचिका आईपाशी मातीत बसली.

"माय, मंदिरमा आपला झिपरू काय करस?"

"कीर्तन सरनं का सतरंज्या गुंडाळस. झाडू मारस."

"आनि कीर्तनना आधी?"

जमुनाबाई थबकली. "आधी मांडव तोच बांधस. बाया कोठे, मानसे कोठे, तेबी तोच सांगस."

रुचिका म्हणाली, अंगातही असा एक सेवेकरी आहे. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम. नस स्नायूला निरोप देते, आणि निरोप पोचला की हा तो पुसून टाकतो, म्हणून हात हलून पुन्हा सैल पडतो. फवारणीचं हे औषध त्यालाच धरून ठेवतं. निरोप पुसलाच जात नाही, किडा तडफडून मरतो. माणसाला लाळ सुटते, ती यामुळेच. पण गर्भात निरोपांची ये-जा सुरू व्हायच्या आधीच हा हजर असतो! तेव्हा पुसायला काही नसतं. मग तो करतो काय? नसांचे कोवळे धागे वाढत, चिकटत आपली वाट शोधतात, तिथे हा मदत करतो, असं संशोधकांना दिसलंय.

"मंग हाई औषध बाळना सेवेकरीले बी धरी ठेवस?" जमुनाबाईचा आवाज खाली आला.

"ठेवू शकस. सगळं आजून कोणलेच ठावं नही, माय. बाळले काही व्हईच, आशे मी नही सांगत. पन नहीच व्हई, आशे तू सांगशी का?"

वाफ्यातून विनोदची हाक आली, "माय, औषध व्हयनं का?"

जमुनाबाईने टिपाडावर गोणपाट टाकलं, सुनेला बोअरवर नेलं आणि साबण घेऊन स्वतःच्या हातांनी तिचे हात कोपरापर्यंत धुतले. एकदा, पुन्हा एकदा. "मन्ही मायाच वाकडी गयी वं, पोरी," एवढंच म्हणाली. मोहिनीला घरी पाठवून लेकाला बजावलं, "आज फवारनी बंद. हातमोजा बिगर आते कोणीच हात लावाव नही. तू बी नही."

त्या संध्याकाळी कीर्तनात मोहिनी माझ्या शेजारी होती. मृदंग चढला तसा तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत हालचाल होती. माझे डोळे भरले. जिभेला अजून बोल नाही, ऐकायला कान पुरते उमलले नाहीत, आणि नारायणाने त्याआधीच वाट बांधणारा पाठवलेला! आणि ते ओळखणारी बुद्धी दिली आमच्या गल्लीतल्या पोरीला. आईची माया तिने खोटी नाही ठरवली, फक्त हात धरून योग्य जागी आणून बसवली.

तेव्हा बायांनो, फवारणीच्या दिवशी घरातल्या पोटुशीला शेतात हाक मारण्याआधी आमच्या रुचिकाची आठवण काढा.